मुरलेलं पेट्रोल

गाडीच्या पुढच्या डाव्या चाकासमोर एक लिंबू होतं. वाळून सुपारीएवढं झालेलं, साल काळपट, एका बाजूनं चपटं. चपटेपणा चाकामुळं आलेला नव्हता. चाक त्याच्यापासून बोटभर लांबच होतं. तो राजेश्रीच्या नवऱ्याच्या, भागवतच्या टाचेनं आला होता. दर दसऱ्याला गाडीला हार घालायचा, चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि गाडी पुढं घेऊन ते चिरडायचं, असा रिवाज. ही गाडी पुढं जात नसल्यामुळं भागवत इकडंतिकडं बघून टाचेनं काम उरकायचा, आणि बाजेवर बसलेले दिनकरराव समाधानानं म्हणायचे, "चला, निघाली गाडी."

राजेश्रीनं लिंबू उचलून नाकाजवळ नेलं. वास नव्हता. तिनं ते परत चाकासमोर ठेवलं. मग तिनं टाकीचं झाकण उघडून तिथं नाक नेलं. तिथं मात्र होता. रंगाऱ्याच्या डब्यात कुणी लोणचं घालून विसरावं, तसा.

"हे पेट्रोल राहिलेलं नाही," ती म्हणाली.

"मंग काय हाय?" दिनकररावांनी विचारलं.

"काय आहे ते सांगायला प्रयोगशाळा लागेल. पेट्रोल नाही एवढं नाकानं कळतं."

दिनकरराव म्हणजे राजेश्रीचे सासरे. सगळं वालूर त्यांना नाना म्हणायचं. अकरा वर्षांपूर्वी एका सकाळी नानांनी मारुतीची टाकी काठोकाठ भरून आणली, गाडी पत्र्याच्या शेडमध्ये लावली, आणि उतरताना त्यांना शेडच्या एका खांबाचे दोन दिसले. त्या दिवसापासून गाडी तिथंच. नानांचं म्हणणं साधं होतं. डोळ्याचं ऑपरेशन झालं की गाडी बाहेर काढायची. ऑपरेशन कधी करायचं, असं विचारलं की ते म्हणायचे, "बघू." विमा मात्र ते दरवर्षी न चुकता भरत. उभ्या गाडीला धोका एकच होता, कोंबड्यांचा, आणि तो विम्यात बसत नव्हता.

राजेश्री सेलूच्या कॉलेजात केमिस्ट्री शिकवायची. मागं तिनं परभणीला जाऊन गाडीचं लायसन काढलं, तेव्हा नानांनी चार लोकांत शब्द दिला होता. "म्या गाडी चालवायचं सोडलं, की किल्ली राजेश्रीची. दुसऱ्या कुणाची न्हाई." शब्द पक्का होता, पण नाना सोडत नव्हते. आणि जो माणूस चालवतच नाही, त्याला सोडायला तरी लावायचं कसं, हे कुणालाच सुचत नव्हतं. किल्ली त्यांच्या करदोड्याला बांधलेली असे. आंघोळीलाही ती सोबत जाई. राजेश्री सेलूत मैत्रिणीच्या गाडीवर हात चालू ठेवून वाट बघत होती.

आता मात्र थांबायला वेळ उरला नव्हता. येत्या सोमवारपासून कॉलेजचं प्रॅक्टिकल सकाळी सातला होणार होतं, आणि वालूरहून निघणारी पहिली एसटी सेलूत पोचेपर्यंत पोरांचे निम्मे प्रयोग होऊन जाणार होते. प्राचार्य गोड आवाजात म्हणाले होते, "मॅडम, जमत नसेल तर प्रॅक्टिकल दुसऱ्या कुणाला देऊ. तुम्ही दुपारची थिअरी घ्या." म्हणजे आचाऱ्याला सांगायचं, तुम्ही आता नुसती पानं मांडा. राजेश्री म्हणाली होती, "जमेल." भागवतनं स्कूटी घे म्हणून सुचवलं. दारात चार चाकं उभी असताना दोन चाकं विकत आणणं तिला पटेना.

सेलूचा मिस्त्री परमेश्वर येऊन ब्रेक, टायर आणि कार्बोरेटर ठीकठाक करून गेला होता. जाताना म्हणाला, "आता टाकी रिकामी करून धुऊन घ्यायला लागंल. मी आठ दिवसानं येतो."

"आठ दिवस नकोत. टाकी मी रिकामी करते."

"तुमी?"

"चौदा वर्षं मी पोरांना एका भांड्यातला द्रव दुसऱ्या भांड्यात कसा घ्यायचा तेच शिकवतेय," राजेश्री म्हणाली. "आजवर थेंब सांडलेला नाही."

हे खरं होतं. पुढं जे सांडलं ते द्रवरूपात नव्हतं.

शनिवारी सकाळी तिनं सगळी तयारी केली. तेलाचे दोन रिकामे पत्र्याचे डबे, रबरी नळी, आणि हातानं दाबून ओढायचा रबरी फुगा. विजेचं बटण बंद केलं. नानांची काडेपेटी ताब्यात घेतली. नाना म्हणाले, "माझ्या बिडीनं पेट्रोलचं काय बिघडवलंय?" ती म्हणाली, "अजून काही नाही." मग ती शेजारच्या झुंबरबाईंच्या दारात गेली. झुंबरबाईंची चूल शेडच्या भिंतीला लागूनच होती.

"मावशी, तासभर चूल बंद ठेवा."

"कामून?"

"पेट्रोल काढायचंय. त्याची वाफ जमिनीलगत पसरते. ठिणगी पडली तर गल्ली पेटेल."

"तव्यावर भाकर हाय माय माझी."

"भाकरी मी देते."

"तुझी भाकर," झुंबरबाई म्हणाल्या, "बशीएवढी असती, आन् कागदावाणी. त्याच्यापरीस गल्ली पेटलेली बरी."

पण त्यांनी चुलीत तांब्याभर पाणी ओतलं. रागानं ओतल्यामुळं जरा जास्तच पडलं. भस्सदिशी पांढऱ्या धुराचा लोट उठला, पत्र्यावरून गेला आणि पिंपळाच्या शेंड्याला लागला. भोंग्यावरून सांगूनही जी बातमी गल्लीला कळली नसती, ती त्या धुरानं सांगितली. राजेश्री नळी टाकीत सोडेपर्यंत शेडपुढं वीस-पंचवीस माणसं जमली होती. जत्रेत अस्वल आल्यासारखी ती गोल करून उभी राहिली.

सगळ्यांत पुढं व्यंकटी होता. भागवतचा चुलतभाऊ, गावातला प्रत्येक प्रश्न विचारायच्या आधी उत्तर देणारा. दुसऱ्या दिवशी त्याच्या पोराचा, बजरंगचा, पिंगळीला साखरपुडा होता, त्यामुळं त्याच्या अंगात दुप्पट जोर होता.

"तोंडानं ओढा की वैनी. फुगा कशाला?"

"तोंडानं ओढल्यावर काय होतं माहीत आहे का?"

"माहीत हाय की. चव येती."

राजेश्रीनं फुगा दाबला आणि सोडला. नळीतून पहिली धार डब्यात पडली. तांबूस काळी, दाट, उन्हात चमकणारी. हुबेहूब काकवी. गर्दी एकदम गप्प झाली.

"रंग बघा," कुणीतरी हळूच म्हणालं.

वर्गात पोरं अशी गप्प झाली, की राजेश्रीला समजावून सांगायचा मोह आवरत नसे. तिथंच तिची चूक झाली.

"नीट ऐका," ती म्हणाली. "पेट्रोलमध्ये हलका भाग असतो आणि जड भाग असतो. इतक्या वर्षांत हलका भाग उडून गेला. जड तेवढा खाली राहिला, आणि तो राळेसारखा चिकट झालाय."

व्यंकटीनं मान हलवली. "म्हंजी आटलं."

"आटलं नाही. खराब झालं."

"वैनी, दूध आटलं की बासुंदी व्हती का न्हाई?"

"हे दूध नाही."

"उसाचा रस आटला की गूळ व्हतुय."

"हा रसही नाही, भाऊजी."

"आन् तूप जुनं झालं की दवा व्हतुय. माझ्या आज्याच्या छातीला वीस वर्साचं तूप लावायचे. नुसत्या वासानं म्हातारा उठून बसायचा." व्यंकटी गर्दीकडं वळला. "लोणचं मुरतंय, तूप मुरतंय. पेट्रोलनं काय पाप केलंय?"

तेवढ्यात बाजेवरून नाना बोलले. "ते म्या भरलेलं पेट्रोल हाय. तवाचं पेट्रोल अस्सल होतं. आताच्यावाणी पानचट न्हवतं."

झालं. रसायनशास्त्राची दोन पुस्तकं एका बाजूला आणि नानांचं एक वाक्य दुसऱ्या बाजूला ठेवलं, तर वालूरच्या तराजूत पुस्तकं वर जात.

तिनं टाकी रिकामी केली, थोडं ताजं पेट्रोल फिरवून धुतली, तेही डब्यात काढलं आणि झाकणं लावली. परभणीचा एक गॅरेजवाला असलं टाकाऊ तेल घेतो, त्याच्याकडं ते सोमवारनंतर पोचवायचं होतं. तोपर्यंत घोटाळा नको म्हणून तिनं प्रयोगशाळेच्या शिस्तीनं दोन्ही डब्यांवर लाल शाईत चिठ्ठी चिकटवली. प्रयोगशाळेचा नियम असा, की आधी पदार्थाची माहिती, मग सूचना. म्हणून वर ठळक अक्षरांत "अकरा वर्षे जुने", आणि खाली जरा बारीक, "वापरू नये".

लोकांनी वरची ओळ वाचली.

बॅटरी आणि ताजं पेट्रोल आणायला राजेश्री सेलूला निघाली. भागवतला म्हणाली, "अहो, या डब्यांना कुणाला हात लावू देऊ नका."

"न्हाई लावू देत."

भागवत चांगला माणूस होता, म्हणजे त्याला कुणाला नाही म्हणता येत नसे. ती संध्याकाळी परतली तेव्हा तो शेडच्या दारात उगाच दोरी वळत बसला होता. तिनं एक डबा उचलला. डबा पिसासारखा वर आला.

"डबे हलके कशानं झाले?"

भागवतनं दोरीकडं बघितलं. "उडून गेलं आसल. हलका भाग उडतुय म्हणून तूच म्हणलीस."

"झाकण लावलेल्या डब्यातून?"

भागवतनं दोरीला आणखी एक पीळ दिला.

"तुमाला सांगितलं होतं ना, हात लावू देऊ नका म्हणून?"

"कुणी हात लावला न्हाई. आईची आन. म्याच ओतून देलं."

दुपारभर लोक बाटल्या, कॅन, किटल्या घेऊन आले होते. ज्यांना साखरपुड्याला मोटरसायकलवर पिंगळीला जायचं होतं, ते सगळेच. आटीव पेट्रोल थोडं घातलं तरी लांब जाणार, हे एव्हाना सगळ्यांना पटलं होतं. भागवतनं स्वतःच्या मोटरसायकलीतही घातलं होतं. एका डब्यावरच्या चिठ्ठीचं विचारलं, तर ती व्यंकटीनं सोडवून नेली होती.

राजेश्री पिशवी खाली ठेवून तशीच घरोघर निघाली. पहिलं दार झुंबरबाईंचं. त्या ओट्यावर लुगडं गुडघ्यापर्यंत सरकवून बसल्या होत्या, आणि गुडघे तेल लावलेल्या माठासारखे चकाकत होते.

"मावशी, हे काय लावलंय?"

"तुझ्याच दारातलं हाय. जुनं ते सोनं. कसं गरम गरम लागायलंय."

"ते गरम नाही, ते भाजतंय. आधी साबणानं धुवा. आणि धुईपर्यंत त्या गुडघ्यांनी चुलीजवळ जाऊ नका."

"सकाळी चूल बंद केलीस, आता गुडघे बंद करायलीस," झुंबरबाई म्हणाल्या. "तुमच्या घरात मोटारीपायी माणसानं जगावं का न्हाई?"

व्यंकटीच्या अंगणात तर चार मोटरसायकली ओळीनं उभ्या होत्या. त्याच्या टाकीवर तिची चिठ्ठी डकवलेली होती, देवाच्या फोटोसारखी मधोमध. "अकरा वर्षे जुने" ही ओळ तेवढी दिसत होती. खालची त्यानं मुडपून आत घातली होती.

"भाऊजी, हे काढून टाका. उद्या रस्त्यात अडकाल."

"वैनी, देलेली वस्तू परत मागत नसतेत."

"मला परत नकोय. फेकून द्या म्हणते मी."

"समजलं की." व्यंकटी सगळ्यांकडं बघून मंद हसला. "नवी बॅटरी आणलीत म्हणं. गाडीला लागंलच की मुरलेलं. जिवावर आलं देयाला, तसं सांगा सरळ."

"म्हणजे मी हे माझ्या गाडीत घालायला मागतेय?"

"आमी कुठं तसं म्हणलाव? आवाज ऐका निस्ता." त्यानं किक मारली. मोटरसायकल सुरू झाली, दोनदा ठसकली, आणि मग खडी फोडायच्या यंत्रासारखा आवाज काढत तिनं पाराला एक फेरी मारली. मागं निळा धूर. "बघितलं? एवढा दणका आजपतूर मारला व्हता का तिनं?"

"तो इंजिनचा खोकला आहे."

"खोकला आसला तरी छातीत दम हाय म्हणून येतुय."

राजेश्री एरवी घरीदारी कॉलेजातलीच भाषा बोलायची. राग आला की मात्र तिची भाषा वालूरची होई. ती म्हणाली, "घाला मंग. मुरलेलं घाला, आटलेलं घाला. आमी उद्या गाडीनं येतो. बघू कोण पुढं जातंय."

"नानाची गाडी?" बजरंग खुदकन हसला. "काकू, मंग माझ्या साखरपुड्याला न्हाई, माझ्या पोराच्या बारशाला भेटू."

अंगण हसलं. राजेश्री घरी आली आणि तिनं बॅटरी बसवली.

रविवारी सकाळी बायका टेम्पोत बसून पुढं गेल्या. साडी, अंगठी आणि साखरेचा पुडा मात्र व्यंकटीनं त्यांच्याकडं दिला नाही. जोखीम आपल्याजवळ असावी म्हणून गाठोडं स्वतःच्या मोटरसायकलीला बांधलं, मागं नवरा मुलगा बसवला. सात-आठ मोटरसायकली निळा धूर सोडत वेशीबाहेर गेल्या. जाताना भागवतनं शेडकडं एकदा ओशाळून बघितलं.

राजेश्रीनं टाकीत ताजं पेट्रोल ओतलं. मग ती नानांच्या बाजेपाशी गेली.

"नाना, किल्ली द्या."

"किल्ली देयाची न्हाई. गाडी माझी हाय, म्याच सुरू करणार."

त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली, आणि किल्ली करदोड्यालाच ठेवून स्टिअरिंगपुढं बसले. किल्ली घालायला त्यांना कमरेतून पुढं वाकावं लागलं. इंजिन घरघरलं, थांबलं, पुन्हा घरघरलं. तिसऱ्यांदा नळीत अडकलेलं काहीतरी फडफडून मोकळं झालं आणि गाडी सुरू झाली. शेडमधल्या कोंबड्या पत्र्यावर जाऊन बसल्या. नानांच्या चेहऱ्यावर जे आलं ते बघून राजेश्रीला क्षणभर प्रॅक्टिकलचाही विसर पडला.

तेवढ्यात फोन वाजला. भागवत होता, आणि मागं किक मारल्याचे आवाज होते, नुसत्या कोरड्या.

"तो परमेश्वर मिस्त्री... त्याचा नंबर हाय का तुझ्याजवळ?"

"कुठं आहात?"

"कॅनॉलच्या पुलावर."

"किती बंद पडल्या?"

"चालू किती हायत, तसं इचार."

"चालू किती आहेत?"

"एक बी न्हाई. मुहूर्त दुपारचा हाय, एसटी आता न्हाई, टेम्पो तिकडं पिंगळीला पोचला. व्यंकटी रडकुंडीला आलाय. पोरीकडचे फोनवर फोन करायलेत."

"येते," राजेश्री म्हणाली आणि नानांच्या दाराशी आली. "नाना, पलीकडं सरका."

"कामून? म्या चालवतो की."

"समोर काय दिसतंय?"

नानांनी डोळे बारीक केले. शेडच्या दारात काळंभोर काहीतरी रुंद उभं होतं. "म्हस हाय. हाकल तिला."

"म्हैस नाही नाना. झुंबरमावशी आहेत."

झुंबरबाई काळी घोंगडी पांघरून उभ्या होत्या. गुडघ्यांची आग होत असल्यामुळं त्या टेम्पोत गेल्या नव्हत्या. "म्हस तर म्हस," त्या म्हणाल्या, "पर आता मला बी साखरपुड्याला न्या. त्याबिगर दारातून हलत न्हाई."

नानांनी झुंबरबाईंकडं पुन्हा एकदा डोळे बारीक करून बघितलं. मग कमरेचा करदोडा सैल करून किल्लीची गाठ सोडत म्हणाले, "सरकतो. पर एवढ्यापुरतं. पुलापतूर."

"पुलापर्यंत," राजेश्री म्हणाली.

झुंबरबाई मागं बसल्या. राजेश्रीनं पहिला गिअर टाकला. पुढच्या चाकाखाली कुटकन आवाज झाला.

"काय मोडलं?" नानांनी दचकून विचारलं.

"लिंबू," राजेश्री म्हणाली.

कॅनॉलचा पूल दिसला तेव्हा झुंबरबाईच पहिल्यांदा बोलल्या. "अगं माय, मोटरसायकलीचा बाजार भरलाय का काय?" कठड्याला टेकवून सगळ्या मोटरसायकली एका रांगेत उभ्या होत्या. पांढऱ्या कपड्यांतली माणसं आळीपाळीनं किका मारत होती. बजरंगच्या नव्या शर्टावर ग्रीसचा पंजा उमटला होता. व्यंकटी गाठोडं पोटाशी धरून पुलाच्या मधोमध उभा होता, पुरात सापडलेल्या माणसासारखा. त्याच्या मोटरसायकलीच्या टाकीवर उन्हामुळं चिठ्ठीची मुडपलेली घडी उलगडली होती. आता दोन्ही ओळी स्पष्ट वाचता येत होत्या.

राजेश्रीनं गाडी त्याच्याजवळ नेऊन थांबवली. इंजिन चालूच ठेवलं.

"काय भाऊजी, मुरलं का?"

व्यंकटीनं पुलाखालच्या पाण्याकडं बघितलं. "लय मुरलं."

"बासुंदी झाली आसल आतमधी," मागून झुंबरबाई म्हणाल्या. "नानानं गाडी पुलापतूर देली म्हणून आलाव, न्हाईतर बसला आसतास हितंच."

"चला, बसा लवकर," राजेश्री म्हणाली. "बजरंग, गाठोडं घे आणि मागं बस. भाऊजी, तुमी बी."

बजरंग पळतच आला. व्यंकटी मात्र जागचा हलला नाही. त्यानं गाडीत बघितलं, बोटांनी जागा मोजली आणि त्याचा नेहमीचा आवाज परत आला. उत्तर सापडल्यावर येणारा.

"कसंय वैनी, आता नवरदेवाची गाडी हाय ही. पोरीकडचे दारात उभे असतेत. बाईमाणूस गाडी घेऊन आलं तर लोक काय म्हणतील? भागवत चालवंल की. ट्रॅक्टर चालवतुय म्हंजी गाडी येतीच त्याला."

"आणि मी?"

"तुमी थांबा की हितं. मोटरसायकलीपाशी कुणीतरी जिम्मेदार माणूस पाहिजेच."

राजेश्रीनं स्टिअरिंगवरचे हात काढले नाहीत. "मोटरसायकली पळून जायच्या न्हाईत, भाऊजी. कालपासून त्याचीच तर खात्री करून घेतलीय तुमी. ही गाडी चालवणार ती मी. बसायचं तर बसा, न्हाईतर किका मारत पिंगळीला या."

"अवं, तुमचं ऐकायचं का नानाचं?" व्यंकटी खिडकीशी वाकला. "नाना, तुमचा शब्द पुलापतूरचाच व्हता म्हणं. पूल आला. गाडी तुमची, तुमीच सांगा. चालवायची कुणी?"

राजेश्रीनं भागवतकडं बघितलं. तो पुढं आला होता, धुळीनं माखलेला. तो म्हणाला, "मला ट्रॅक्टरच बरा. पर नाना म्हणतील तसं."

सगळ्यांनी नानांकडं बघितलं. राजेश्रीनं बघितलं नाही. नाना आता काय म्हणणार, हे तिला माहीत होतं. ते म्हणणार, "बघू." मग भागवत इकडून बसणार, ती तिकडून उतरणार, उद्या सकाळी सातला सेलूत दुसराच कुणीतरी पोरांपुढं परीक्षानळी धरून उभा राहणार, आणि येत्या दसऱ्याला टाचेनं चिरडायला एक नवीन लिंबू येणार. तिनं स्टिअरिंग आणखी घट्ट धरलं. उतरायचं नाही, एवढं तिचं ठरलं होतं.

नानांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. काचेतून ते पुलाकडं बघत राहिले.

"राजेश्री."

"काय नाना?"

"ह्या पुलाला कठडे किती हायत?"

"दोन. दोन्हीकडं एकेक."

"मला चार दिसायलेत."

नानांनी खाकरून घसा साफ केला, टोपी पुन्हा डोक्यावर ठेवली, आणि चार लोकांत बोलायच्या आवाजात, एकेक शब्द मोकळा करत म्हणाले,

"आजपसून म्या गाडी चालवायचं सोडलं."